आठवणींची बेगमी

दर वर्षी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा शहरात संगणकाच्या स्मृतीचा मेळा भरतो. २००६ मध्ये तो ‘फ्लॅश मेमरी समिट’ या नावाने सुरू झाला. २०२४ मध्ये त्याचे नाव ‘फ्यूचर ऑफ मेमरी अँड स्टोरेज’ असे झाले, कारण फ्लॅशच्या जोडीला डीरॅम, हार्ड डिस्क, टेप आणि थेट डीएनएपर्यंत सगळे तिथे चर्चेला येऊ लागले होते. चिप बनवणारे, ती तपासणारे आणि ती घाऊक विकत घेणारे डेटा सेंटरवाले तिथे एका छताखाली जमतात. पुढच्या काही वर्षांत जगाची माहिती कशात साठवली जाणार, याचा अंदाज तिथे येतो.

त्या दिवसांत रत्नागिरीत श्रावणसरी चालू असतात. कपाटांची दारे फुगून चौकटीत अडकतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटते, वहीचे पान बोटांना ओलसर लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या किनाऱ्यावर काहीही साठवायचे तर पहिला प्रश्न ‘किती मावेल’ हा नसतो, ‘टिकेल का’ हा असतो. आगोटीची बेगमी करताना डाळींना ऊन दिले जाते, सोले आणि सुकी मासळी कोरड्या डब्यात भरली जाते, आणि मधून मधून डबे उघडून पाहिले जातात. संगणकीय साठवणुकीचा हा आढावा मी त्याच सवयीने घेतो आहे. सांता क्लाराच्या मेळ्यात ‘किती’ आणि ‘किती वेगाने’ या प्रश्नांची उत्तरे भरभरून मिळतात. ‘किती काळ’ आणि ‘कोणाला वाचता येईल’ हे दोन प्रश्न मात्र तिथे मागच्या रांगेत असतात. कोकणाच्या आणि मराठीच्या दृष्टीने मोलाचे तेच आहेत.

क्षमतेची गोष्ट झटकन सांगून होते, कारण ती जवळजवळ अखंड चढती आहे. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या ‘रॅमॅक’ यंत्राच्या साठवणुकीत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर होते आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेला आरतीचा एक फोटो तेवढी जागा खातो. वीज गेली तरी माहिती धरून ठेवणारी आणि मोठा भाग एका झटक्यात पुसता येणारी फ्लॅश चिप तोशिबातले संशोधक फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे क्षणात पुसले जाते, म्हणून एका सहकाऱ्याने हे नाव सुचवले. १९८७ मध्ये तिचा ‘नँड’ हा प्रकार आला आणि पेन ड्राइव्हपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे तोच पोचला. सपाट चिपवर जागा संपत आली तेव्हा अभियंत्यांनी मजले चढवायला सुरुवात केली. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची चिप बाजारात आणली. दहा वर्षांनी, २०२३ च्या मेळ्यात, एसके हायनिक्सने ३२१ थरांची चिप दाखवली.

या चढतीला अलीकडे एक गाठ बसली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना डीरॅमचे थर एकमेकांवर रचून बनवलेली ‘एचबीएम’ ही वेगवान स्मृती लागते. जगात ती बनवणाऱ्या मुख्य कंपन्या तीनच आहेत : एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉन. त्यांनी आपली कारखान्यातली ताकद तिकडे वळवल्यावर साध्या संगणकाच्या रॅमचे भाव २०२५ च्या उत्तरार्धात भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. साठवण दर वर्षी स्वस्तच होत जाणार, या गृहीतकावर आपण आपली सगळी दप्तरे संगणकात ओतत आलो आहोत. ते गृहीतक निसर्गनियम नाही, हे आता दिसले आहे. त्याची झळ सांता क्लारापेक्षा रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला आणि गावच्या पतसंस्थेला अधिक बसते.

आता टिकण्याकडे येऊ.

फ्लॅशच्या पेशीत साठवलेली माहिती म्हणजे खरोखर काय असते? विद्युतरोधक थरांच्या आड कोंडलेले थोडे इलेक्ट्रॉन. किती कोंडले आहेत, यावरून यंत्र आकडा ओळखते. सुरुवातीला पेशीत भार आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. पुढे स्वस्ताईसाठी एका पेशीत चार-चार बिट ठेवायला सुरुवात झाली, म्हणजे भाराच्या १६ पातळ्या वेगळ्या ओळखायच्या. एकाच मापट्यावर सोळा खुणा पाडल्या तर भात किंचित खाली बसले तरी माप चुकते, तसे हे आहे. प्रत्येक लेखनागणिक तो रोधक थर झिजतो, आणि उष्णता वाढली की कोंडलेले इलेक्ट्रॉन निसटण्याचा वेग वाढतो. या उद्योगाने स्वतः ठरवलेले मानकच सांगते की लेखनमर्यादा गाठलेल्या साध्या एसएसडीने वीज न जोडता ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवली तरी ती कसोटीला उतरली. डेटा सेंटरमधल्या एसएसडीसाठी ही मुदत ४० अंशांत अवघी तीन महिन्यांची आहे. नवी, थोडीच वापरलेली डिस्क याहून पुष्कळ अधिक टिकते, हेही खरे. पण मे महिन्यात रत्नागिरीत बंद खोलीतले कपाट किती तापते, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

आपल्याकडे लग्नाचे फोटो आता स्टुडिओवाले पेन ड्राइव्हमध्ये देतात. घरातली बाई ती ड्राइव्ह नीट कापसात गुंडाळून दागिन्यांच्या डब्यात ठेवते. माणसाने जपावे तसेच ती जपते आहे, पण वस्तूची जात निराळी आहे. सोने डब्यात बंद करून ठेवल्याने टिकते. फ्लॅश तशी टिकत नाही. तिला अधूनमधून वीज लागते, आतली माहिती पुन्हा लिहिली जावी लागते.

बाकीच्या साधनांची कथाही फार वेगळी नाही. डीरॅममधला भार तर इतका झपाट्याने गळतो की दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. हार्ड डिस्कमधले चुंबकत्व टिकाऊ असते, पण फिरणारे भाग न फिरवता ठेवले तर अडकतात. सीडी अक्षय म्हणून विकली गेली. २००१ मध्ये स्पेनच्या संशोधकांना बेलीझ या उष्ण, दमट देशात तिचा थर खाणारी बुरशी सापडली. आपल्याकडे पावसाळ्यानंतर जुन्या सीडीवर दिसणारे ढगाळ डाग पाहिले की बेलीझ लांबचे वाटत नाही. टेप थंड, कोरड्या खोलीत तीस वर्षे टिकते असे मानतात आणि मोठ्या संस्था आजही तिच्यावर भिस्त ठेवून आहेत. तिथे अडचण वाचणाऱ्या यंत्राची आहे. टेपच्या ‘एलटीओ’ मानकाची दहावी पिढी २०२५ मध्ये आली. एका टेपमध्ये ३० टेराबाइट मावतात, पण तिचे यंत्र आधीच्या नवव्या पिढीची टेपसुद्धा वाचत नाही. काचेत लेझरने कोरणे, डीएनएच्या साखळीत अक्षरे गुंफणे हे प्रयोग मन वेधून घेणारे आहेत. जिल्हा कचेरीच्या किंवा घरच्या उपयोगाचे ते अजून नाहीत.

या सगळ्या साधनांत एक गोष्ट समान आहे. कोकणातला शेतकरी ती बियाण्यावरून जाणतो. पेंढ्याच्या मुडीत बांधलेले भाताचे बी कितीही जपले तरी चार-पाच पावसाळ्यांनंतर ते भरवशाने रुजत नाही. वाण टिकवायचे तर ते पेरत राहावे लागते. डीरॅम हे काम सेकंदात कित्येकदा करते, डिस्कला काही वर्षांनी करावे लागते, टेपला दशकांनी. करावे सगळ्यांनाच लागते. माहिती जतन करणे ही ‘ठेवण्याची’ कृती आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती पुन्हा पुन्हा उतरवून घेण्याची कृती आहे. आपल्या महसुली भाषेने हे फार पूर्वी ओळखले होते. जमिनीच्या कागदाला आपण ‘उतारा’ म्हणतो.

उतरवून घेतलेली प्रत कुठे ठेवली आहे, याला आग आणि पाणी या दोघांमुळे महत्त्व येते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २६ जुलै २००५ च्या महापुरात तिथली ग्रंथसंपदा पाण्याखाली गेली. वाचकांनी आणि कार्यकर्त्यांनी ते वाचनालय पुन्हा उभे केले. इतके, की २०१३ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरले तेव्हा यजमान हेच वाचन मंदिर होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी पुन्हा बाजारपेठेत शिरले आणि पुस्तकांनी पुन्हा चिखल पाहिला. त्या पुरात दुकानादुकानांतून वह्यांचे गठ्ठे आणि संगणकांचे खोके एकाच चिखलात एकमेकांवर पडलेले होते. वही आणि हार्ड डिस्क यांत पाण्याने काही फरक केला नाही. वही निदान पान पान उलगडून वाळत घालता येत होती.

आगीचे दाखले याहून बोलके आहेत. २१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना लागलेल्या आगीत माणसे गेली आणि फायलींची राख झाली. त्यानंतर राज्यात फायली संगणकावर आणण्याचा रेटा वाढला. ते योग्यच झाले, पण संगणकावर आणणे म्हणजे सुरक्षित होणे नव्हे. दक्षिण कोरिया हा जगाला मेमरी चिप पुरवणारा देश. सॅमसंग आणि एसके हायनिक्स दोन्ही तिथल्याच. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाचा ८५८ टेराबाइटचा साठा कायमचा गेला. आवाका फार मोठा आहे म्हणून त्याची दुसरी प्रतच दुसरीकडे ठेवलेली नव्हती. आणि आग कोणालाच सोडत नाही : २०१७ मध्ये सांता क्लाराच्या त्या मेळ्यातच एका कक्षाला आग लागली आणि प्रदर्शनाचे दालन बंद ठेवावे लागले. स्मृतीचे सगळ्यात मोठे जाणकार तिथे जमले होते.

‘आमचे सगळे क्लाउडवर आहे,’ असे आता ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत सगळे सांगतात. क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तो बहुतांशी ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यातल्या इमारतींत आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, वीज उपलब्ध आहे, गिऱ्हाईक जवळ आहे, म्हणून देशाच्या डेटा सेंटर क्षमतेचा फार मोठा वाटा तिथे गोळा झाला. पनवेलचे ‘योट्टा’चे केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. त्याच्या महिनाभर आधी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून दापोली-मंडणगडची छपरे आणि विजेचे खांब घेऊन गेले होते. कित्येक गावांत त्यानंतर बरेच दिवस वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. पनवेलला माहिती सुखरूप होती, पण मंडणगडला ती नसल्यासारखीच होती. ज्या आठवड्यात घराच्या कागदांची आणि विमा पॉलिसीची सर्वाधिक गरज, त्याच आठवड्यात क्लाउडपर्यंतची वाट बंद. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम या व्यवसायात सगळे पाळतात : तीन प्रती, दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर, आणि त्यातली एक दूर. कोकणासाठी मी त्यात एक भर घालीन. एक प्रत हाताशीही हवी, वीज आणि रेंज नसतानाही उघडता येईल अशी. आणि ‘दूर’ म्हणजे याच किनाऱ्यावर दुसरीकडे नव्हे, घाटावर.

यापुढचा प्रश्न वाचण्याचा. माझ्या मते मराठी माणसाने सर्वात जास्त काळजी करावी असा हाच प्रश्न आहे, आणि त्यावर परिषदांत सर्वात कमी बोलले जाते.

रत्नागिरी जिल्ह्यातला सर्वात जुना साठा आपल्या पायाखाली आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे असे कितीतरी सडे या कातळशिल्पांनी भरलेले आहेत. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्या रत्नागिरीकरांनी गावोगाव हिंडून ती शोधली, नोंदवली, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांचा समावेश झाला. साधन म्हणून जांभ्याने कमाल केली आहे. हजारो पावसाळे झेलून रेषा शाबूत आहेत. पण वाचणारा हरवला. सड्यांवरच्या चौकोनांच्या गुंतागुंतीच्या नक्षीचा अर्थ लावण्याची किल्ली कोणी मागे ठेवली नाही. साठवण पूर्ण यशस्वी, आणि निरोप पोचलेला नाही.

त्याच्या शेजारी चिपळूणला मिळालेला सातव्या शतकातला ताम्रपट ठेवून पाहावा. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात त्याच्या मामाने, सेंद्रक कुळातल्या श्रीवल्लभ सेनानंदराजाने, दिलेल्या दानाची ती नोंद. तांबे टिकले हे तर आहेच. बाराशेहून अधिक वर्षांनी ती नोंद वाचता आली, कारण संस्कृत भाषा शिकणाऱ्यांची साखळी तुटली नव्हती आणि जुन्या लिपी उलगडणारे अभ्यासक तयार झाले होते.

साखळी विरळ झाली की काय होते, ते मोडीने दाखवले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोकणातल्या वाड्यावाड्यांत मोडी लिहिली जात होती. दोन-तीन पिढ्यांत ती वाचणारे इतके थोडे उरले की २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची धावाधाव झाली. कागद होते, रुमालात बांधून ठेवलेले होते, बरेचसे शाबूतही होते. लाखो कुटुंबांच्या हक्कांचा प्रश्न मात्र मोजक्या वाचकांच्या डोळ्यांवर येऊन थांबला.

संगणकावरच्या मराठीने आपली स्वतःची मोडी निर्माण केली आणि ती अवघ्या तीस वर्षांत. नव्वदच्या दशकापासून मराठी पुस्तके, दैनिके, दिवाळी अंक डीटीपीवर जुळवले जाऊ लागले. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी साधने आली आणि त्यांनी छपाईचे खिळे इतिहासजमा केले. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे सरकारी मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. पण युनिकोड मराठी रोजच्या वापरात यायला पुढची दहा-पंधरा वर्षे गेली, आणि मधल्या काळात प्रत्येक फॉन्टची आपली सांकेतिक वाट होती. पडद्यावर ‘क’ दिसे, पण फाइलच्या आत कुठे इंग्रजी ‘डी’, कुठे तिसरेच चिन्ह. तो फॉन्ट संगणकावर असेपर्यंत सगळे ठीक. फॉन्ट गेला, किंवा सॉफ्टवेअर चालू करणारे ते छोटे कुलूप म्हणजे डोंगल बिघडले, की पानभर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची वाळू. त्यात पाने जुळवण्याचे लाडके साधन पेजमेकर. त्याची सातवी आवृत्ती शेवटची ठरली.

माझ्या टेबलाच्या खणात अशा एका स्थानिक अंकाच्या फ्लॉपी आणि सीडी आहेत. जुळणी, मुद्रितशोधन, चित्रांच्या जागा असे पाच-सहा वर्षांचे काम त्यांत आहे. फ्लॉपी वाचणारे यंत्र एका परिचिताकडे मिळाले, निम्म्या फ्लॉपी वाचल्याही गेल्या, आणि फाइल उघडल्यावर समोर आली ती वाळू. छापलेले अंक जिथे हाती लागले तिथून ते पुन्हा टंकून घेतले. ज्या अंकाची छापील प्रत कोणाकडेच उरली नाही, तो गेला. त्यातल्या एका लेखात आमच्या भागातल्या जाखडीच्या जुन्या शाहिरांच्या तोंडून घेतलेली माहिती होती. ते शाहीर आता नाहीत.

युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरातही एक काटा राहतो. ‘सातबाऱ्याचा’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला दस्त सापडत नाही. दऱ्या आणि वाऱ्या असणाऱ्या आपल्या भाषेत असे शब्द किती! हे दुरुस्त करणे अवघड नाही, फक्त कोणीतरी बसून करायला हवे, आणि ते मराठी जाणणारानेच करायला हवे. जगातली कोणतीही चिप कंपनी ते आपल्यासाठी करणार नाही.

सातबाऱ्यावरूनच पडताळणीचा मुद्दा निघतो. लहानपणी गुणाकार केला की त्याचा ताळा पाहायला शिकवत. आकड्यांची बेरीज करून उत्तर बरोबर आहे की नाही हे पुन्हा सगळे गणित न करता कळे. संगणकातही नेमका हाच उपाय आहे. प्रत्येक फाइलचा एक छोटा ताळा काढून ठेवतात आणि प्रत उतरवल्यावर तो जुळवतात. एक अक्षर बदलले तरी ताळा चुकतो. ताळ्याशिवाय घेतलेली प्रत म्हणजे निव्वळ आशा आहे. पण यंत्राचा ताळा एवढेच सांगतो की प्रत मूळ फाइलीसारखी आहे. मूळ फाइलीतच चूक असेल तर? महाराष्ट्रात सातबारे संगणकावर आणले गेले तेव्हा नावांत, क्षेत्रांत, हिश्शांत असंख्य चुका शिरल्या. कोकणात एका उताऱ्यावर तीस-तीस सहहिस्सेदार आणि गुंठ्याचे अपूर्णांक, तेव्हा इथे त्रास अधिक. तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत कलम १५५ च्या दुरुस्तीसाठी खेपा घालणारे खातेदार प्रत्येक गावात भेटतील. त्यावर शासनाने उपाय काढला तो चावडी वाचनाचा. गावकऱ्यांना जमवून संगणकातला उतारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा त्याने आपला हिस्सा ओळखायचा. मग १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. माहिती साठवण्याच्या इतक्या उपायांत मला चावडी वाचन फार मोलाचे वाटते. जिथे ते मनापासून झाले तिथे चुका पकडल्या गेल्या. जिथे ते कागदावर उरकले गेले तिथे खातेदार अजून खेपा घालतो आहे.

हे सारे ज्ञान आपल्यापासून लांब नाही. रत्नागिरीहून तीनशे किलोमीटरच्या आसपास असलेले पुणे साठवण-सॉफ्टवेअरचे जगातले एक महत्त्वाचे ठिकाण आहे. व्हेरिटास या कंपनीचे मोठे विकास केंद्र तिथे वर्षानुवर्षे चालले. तिथून बाहेर पडलेल्या मिलिंद बोराटे आणि जसप्रीत सिंग यांनी साथीदारांसह २००८ मध्ये पुण्यातच ‘द्रुवा’ ही कंपनी काढली. परदेशातल्या कंपन्यांच्या माहितीच्या नकला घेणारे, त्या ताळून पाहणारे, पूर-आगीनंतर पुन्हा उभे करणारे सॉफ्टवेअर बाणेर-बालेवाडीत बसून मराठी मुलेमुली लिहितात. त्यात कोकणातून गेलेली मुले पुष्कळ आहेत. सी-डॅकने पुण्यात डिजिटल जतनासाठी स्वतंत्र केंद्र उभारले, आणि त्यांनी घडवलेल्या प्रणालीवर दिल्लीचे राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागार चालते. एवढे हाताशी असताना १८२८ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयासारख्या संस्थांना, तालुक्यांतल्या जुन्या छापखान्यांना, देवस्थानांना आणि घराण्यांना आपला ठेवा घेऊन जाता येईल असे जिल्ह्याचे एक ठिकाण असू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. एक कोरडी खोली, दोन टेप यंत्रे, मोडी आणि जुने फॉन्ट जाणणारी दोन-तीन पगारी माणसे, आणि घाटावरच्या एखाद्या संस्थेशी प्रतींच्या अदलाबदलीचा करार. यंत्रांपेक्षा ती पगारी माणसे महत्त्वाची. अनुदानाच्या प्रस्तावात स्कॅनर असतो आणि माणूस नसतो, हे दुखणे जुने आहे.

मेमरी चिपच्या कारखान्यांची आता भारतात चर्चा आहे. मायक्रॉनने जून २०२३ मध्ये गुजरातेत साणंदला चिपची जुळणी आणि चाचणी करणारा प्रकल्प जाहीर केला. २०२४ मध्ये रत्नागिरीतही सेमीकंडक्टर प्रकल्प आणण्याची घोषणा झाली. असा कारखाना यावा, इथल्या मुलांना मुंबईच्या गाडीत बसावे लागू नये, असे कोणाला वाटणार नाही? त्याला लागणारे अतिशुद्ध पाणी आणि क्षणभरही न खंडणारी वीज यांचा हिशेब गावांसमोर उघडपणे मांडून तो यावा. पण चिप इथे बनली तरी चिपळूणची पुस्तके, राजापूरच्या वाड्यातले रुमाल आणि खणातल्या फ्लॉपी यांचा प्रश्न आहे तिथेच राहणार आहे.

तोवर घरापुरते जे करता येते ते आम्ही करतो. मे महिन्याच्या शेवटी, आगोटीच्या कामांत, दोन्ही डिस्क बाहेर काढून संगणकाला जोडायच्या, ताळे जुळवायचे, वर्षभराची नवी भर घालायची. जुन्या पडलेल्या डिस्कची नवीवर नक्कल घ्यायची. फाइलींची नावे मराठीत, कोणालाही कळतील अशी, आणि मजकूर युनिकोडमध्ये. फोटोंखाली माणसांची नावे लिहायची, कारण आजी गेल्यावर मागच्या रांगेतल्या बाईंना ओळखणारे कोणी राहत नाही. हे काम आई आणि मावशी शेजारी बसल्यावरच होते, आणि एकेका फोटोला अर्धा अर्धा तास लागतो. एक डिस्क इथे, सिलिकाच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. दुसरी गणपतीला घरी आलेला भाऊ परतताना घेऊन जातो आणि आदल्या वर्षीची परत आणतो. तो पुण्याला चौथ्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी गाडीत गर्दी फार होती, म्हणून त्याने ती पिशवीत न ठेवता खिशात ठेवली आणि पोचल्यावर पहिला फोन ती सुखरूप असल्याचाच केला.